पऱ्यात सापडलेलं माझंच स्टिकर

परवा पहाटे पुळणीवर गेले होते, म्हणजे पहाटे कसली, साडेसहा वाजून गेले असतील पण ढग इतके खाली उतरलेले की उजाडतंय की मावळतंय तेच कळत नव्हतं. आषाढातला आमचा समुद्र तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितलेलाच नसणार. पाहुणे येतात ते दिवाळीनंतर ते थेट मेच्या शेवटापर्यंत, तेव्हा पाणी निवळलेलं, पुळण झाडून काढल्यासारखी, आणि जाताना लोक हमखास म्हणतात, "किती स्वच्छ ठेवलाय हो तुम्ही बीच!" आम्ही काय डोंबल ठेवतो. ते सगळं वाऱ्याचं काम. जूनला वारा फिरला, नैर्ऋत्येकडून धडकायला लागला की समुद्रात जे जे म्हणून तरंगत होतं ते सगळं आमच्या दारात येऊन पडतं, आणि मग जो बीच दिसतो त्याचा फोटो कुणी स्टेटसला टाकत नाही.

परवाही तेच. भरतीची रेघ असते ना वाळूवर, जिथपर्यंत लाट येऊन परत फिरते, तिथे सुरूच्या काटक्या, नारळाच्या सोडणाचे तुकडे, आणि त्यात गुंतलेलं बाकी सगळं. चपला (नेहमी एकच पायाची, दुसरी कुठे जाते देव जाणे), बाटल्यांची झाकणं, लायटर, कानकोरणीच्या काड्या, थर्माकोलचे गोळे, दोऱ्या, इंजेक्शनची रिकामी सिरिंजसुद्धा होती एक. एका चपलेच्या तळाला लांब देठावर शिंपल्यासारखे जीव घोसाने लोंबत होते, अजून जिवंत, उघडझाप करत होते. हे जीव खोल समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूंवरच वाढतात, म्हणजे ती चप्पल कितीतरी आठवडे लांब कुठेतरी फिरून आलेली. एका बाटलीवर तर अशी लिपी होती की आमच्याकडे कुणालाच वाचता आली नाही.

एक गोष्ट मी बरीच वर्षं बघत होते पण कारण माहीत नव्हतं. झाकणं ढिगानं सापडतात आणि त्यामानाने बाटल्या कमी, आणि ज्या सापडतात त्यांना झाकण घट्ट लावलेलं असतं. आमच्या भाच्याने सांगितलं, तो केमिस्ट्रीवाला आहे. पाण्याची बाटली असते पीईटीची, ते प्लास्टिक समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे झाकण निघालं आणि पाणी आत शिरलं की बाटली सरळ तळाला. झाकण असतं वेगळ्या प्लास्टिकचं, हलकं, ते तरंगत बसतं. जाळ्याचं नायलॉन बुडतं, पॉलीप्रॉपिलीनची दोरी तरंगते. म्हणजे आपण पुळणीवर जो कचरा बघून हाय खातो तो फक्त तरंगणारा, जो बुडाला तो दिसतच नाही. हे कळल्यापासून मला त्या झाकणांकडे बघून जरा कसंतरीच होतं. एकेक झाकण म्हणजे खाली कुठेतरी एक बाटली.

आता खरं सांगते, कित्येक वर्षं माझं ठाम मत होतं की हा सगळा प्रकार पर्यटकांचा. आमचं घरगुती राहण्याजेवणाचं आहे, चार खोल्या, गुहागर तालुक्यात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाहुण्यांवर पोट आहे आणि पाहुण्यांवरच राग, असं चाललेलं. रात्री पुळणीवर बसून बाटल्या तिथेच टाकून जातात, चिप्सची पाकिटं वाळूत खुपसून ठेवतात, गाड्या घालतात वाळूत तो वेगळाच विषय. एका मे महिन्यात मी आमच्याच घरातल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या मोजल्या तर सहाशेच्या वर गेल्या, मग मोजणं सोडून दिलं. तेव्हा हे (म्हणजे आमचे हे) म्हणाले, "विकल्या कुणी? तूच ना?" दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.

पण ते बरोबर होतं, आणि अर्धवटही होतं. कारण पाहुणे मेअखेर गेलेले असतात, आणि कचऱ्याचा सगळ्यात मोठा लोंढा येतो तो जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोनतीन दिवसांत. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते तांडेल मामांनी सांगितलं.

तांडेल मामा म्हणजे खालच्या वाडीतले, आता स्वतः समुद्रात जात नाहीत, होडी मुलगा बघतो, हे दिवसभर पडवीत बसून जाळं शिवतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दुरुस्तीचं सगळं काम ह्या दोन महिन्यांत. मी तणतणत गेले होते, की तुमच्या बाजूला बघा पुळणीवर किती जाळ्याचे तुकडे पडलेत. म्हातारा हसला. म्हणाला, "वैनी, आमचे तुकडे हायत, नाय कोन म्हनतं? पन ती गुटख्याची पुडी काय मी जाळ्यात भरून आनली?" मग बराच वेळ बोलत बसलो. त्यांच्या आजोबांच्या काळात जाळी सुताची आणि तागाची असायची, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायची म्हणजे कुजत नाहीत, तरी काही वर्षांत कुजायचीच. हरवलं जाळं तर तळाला जाऊन सडून जायचं. मग नायलॉन आलं, साधारण साठच्या दशकात सगळीकडे पसरलं, हलकं, स्वस्त, न कुजणारं, आणि सगळ्यांना वाटलं लॉटरी लागली. न कुजणारं म्हणजे न कुजणारंच, हे पुढे कळलं. हरवलेलं जाळं तळाला खडकात अडकून वर्षानुवर्षं मासे धरत राहतं, ते काढायला कुणी येत नाही, मग त्यात मेलेल्या माशांवर खेकडे येतात, तेही अडकतात. मी त्यांना सांगितलं की पॅसिफिक महासागरात तो जो कचऱ्याचा पट्टा म्हणतात, 2018 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात वजनाने 46 टक्के नुसती मासेमारीची जाळी निघाली. मामा हातातली आकडी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे निम्मी आमची." मग थोड्या वेळाने, "आनि निम्मी तुमची."

हे "तुमची" मला लागलं.

आमच्या घराच्या मागून पऱ्या जातो, म्हणजे पावसाळी ओढा. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, नुसते दगडगोटे, पोरं क्रिकेट खेळतात त्यात. वरच्या दोन वाड्या, शाळा, तिठ्यावरची दुकानं, आंब्याच्या बागा, सगळ्यांच्या मागून फिरत फिरत तो साकवाखालून खाडीला मिळतो आणि खाडी समुद्राला, सगळं मिळून अंतर अडीच किलोमीटरसुद्धा नाही. आठ महिने सगळे त्याच्या काठावर काहीबाही टाकतात. कुणी "पऱ्यात टाकलं" असं म्हणत नाही हं, "मागे टाकलं" म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो. आणि मग जूनमध्ये एका रात्रीत पऱ्या ते सगळं धुऊन नेतो, दुसऱ्या दिवशी काठ कसा लख्ख, सगळ्यांना बरं वाटतं, पावसाने साफ केलं म्हणतात.

2021 च्या 22 जुलैला चिपळूणला पूर आला तेव्हा माझी बहीण तिकडे होती, नंतर मी गेले मदतीला. चिखल, वास, लोकांचे हाल हे सगळ्यांनी बघितलंय टीव्हीवर, मला मात्र वाशिष्ठीकाठची झाडं आठवतात. जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंत फांद्याफांद्यांना पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या. जे झाडांनी धरलं ते राहिलं, बाकीचं दाभोळच्या खाडीतून समुद्रात. आमचा पऱ्या म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती, दरवर्षी.

अजून एक गोष्ट आहे जी कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे निळी ताडपत्री. पूर्वी पावसाळ्याची आगोट म्हणजे झाप विणायचे, लाकडांवर, गोठ्यावर, पडवीच्या तोंडाला नारळीचे झाप बांधायचे, पावसाळा संपला की ते चुलीत. आता मे महिन्यात बाजारातून निळं प्लास्टिक आणायचं. ते स्वस्तातलं एक पावसाळा कसंबसं काढतं, ऑक्टोबरच्या उन्हात त्याला भेगा पडतात आणि मग हात लावला की पापड मोडावा तसं मोडतं, निळा निळा भुगा. परवा मी वाळूची ओंजळ घेतली आणि डोळ्याजवळ धरली तर त्यात निळे तुकडे होते, नखाएवढे, काही तिळाएवढे. पाच मिलीमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हा शब्द काही कुठल्या प्रयोगशाळेतला राहिलेला नाही, माझ्या ओंजळीत होता. पाकिटं वेचता येतात, हे कोण आणि कशानं वेचणार? आणि ही ताडपत्री पर्यटकांची नव्हे. लाकडं आमची, ताडपत्री आमची.

तर गेल्या वर्षी जूनच्या आधी आम्ही चारपाच जणांनी ठरवलं की साकवाखाली पऱ्याला आडवं जाळं बांधायचं. जाळं मामांनीच दिलं, जुनं, टाकाऊ. दोन्ही काठांना बांबू पुरले, तळापासून वरपर्यंत जाळं ताणून बांधलं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी टाळ्यांचे अंगठ्यांचे इमोजी पाठवले. मामा बघायला आले, काही बोलले नाहीत, नुसतं "हूं" म्हणाले. त्या "हूं"चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पहिला पाऊस रिमझिम, मस्त, जाळ्यात आठदहा बाटल्या अडकल्या, आम्ही खूश. तिसऱ्या रात्री धो धो कोसळला. पऱ्याबरोबर वर्षभराचा पातेरा आला, काजूआंब्याची पानं, काटक्या, अख्खी फांदी, जाळ्याची भोकं बंद, पाणी तुंबून साकवावरून चढलं, एका घराच्या अंगणात शिरलं, आणि पहाटे कधीतरी बांबूसकट सगळं जाळं उपटून खाडीत गेलं. म्हणजे आम्ही प्लास्टिक अडवायला गेलो आणि स्वतःच्या हाताने एक अख्खं नायलॉनचं जाळं समुद्राकडे रवाना केलं! ज्यांच्या अंगणात पाणी शिरलं त्यांनी जे काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मामांच्या मुलाने दोन दिवसांनी ओहोटीला खाडीत कांदळवनाच्या मुळ्यांत अडकलेलं निम्मं जाळं सोडवून आणलं. उरलेलं निम्मं कुठे गेलं कळलं नाही. ते मला अजूनही मध्येच आठवतं, रात्रीसुद्धा.

मग मामा बोलले. पहिलं म्हणजे तुम्ही तळापर्यंत जाळं लावलंतच कसं, पहिल्या पावसात चढणीचे मासे पऱ्यात वर चढतात, त्यांना अंडी घालायला वर जायचं असतं, तुम्ही त्यांचं दार लावून घेतलंत. (हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि सगळ्यांनी लहानपणी चढणीचे मासे पकडलेत.) दुसरं म्हणजे कचरा वर तरंगतो, मग खाली जाळं कशाला? तिसरं, पाण्याला छाती लावून उभं राहायचं नसतं, तिरकं व्हायचं.

यंदा तसं केलं. जाड बांबूंची एक माळ, एकाला एक दोरीने बांधलेले, त्यांच्याखाली फक्त वीतभर जाळ्याची झालर, आणि ती माळ पऱ्याला आडवी नाही तर तिरकी, एका काठाकडे उतरती. पाणी चढलं की माळ वर येते, उतरलं की खाली. तरंगणारं सगळं घसरत घसरत एका कोपऱ्यात जमतं, तिथे उभं राहून फावड्याने ओढून घ्यायचं. मासे खालून जातात. आणि फारच जोराचा पाऊस असेल तर एका बाजूची गाठ सोडून द्यायची, माळ काठाला लागून पडते, तेवढ्या वेळातला कचरा जातो तो जातो. दोन दोन जणांच्या पाळ्या लावल्यात. पाळी चुकवणारे चुकवतात, पावसात फावडं घेऊन उभं राहायला कुणाला आवडतंय? पण चाललंय.

पहिल्या पावसानंतर जे निघालं ते आम्ही माझ्या अंगणात पसरलं. ओलं, चिखलाचं, वास मारणारं. आणि मुद्दाम वेगवेगळे ढीग केले, कारण मला बघायचंच होतं की कोणाचं काय. गुटख्याच्या पुड्यांचा ढीग सगळ्यात मोठा, आणि हा माल राज्यात 2012 पासून बंद आहे म्हणतात! शाम्पूच्या एकेक रुपयाच्या पुड्या. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. बागेत मारतात त्या औषधांच्या बाटल्या, त्या हातमोजे घालून बाजूला ठेवल्या. डायपर, त्याबद्दल काहीच लिहीत नाही, फक्त एवढंच की पाणी पिऊन एकेक डायपर उशीएवढा झालेला. दुधाच्या पिशव्या, आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, ते छोटे त्रिकोण. निळी ताडपत्री अर्थातच.

आणि त्यात एक पारदर्शक पाऊच, चिखल पुसला तर वर स्टिकर. "घरगुती आमसुलं. कोकणची चव." खाली माझं नाव आणि माझा मोबाईल नंबर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीपण माझ्याकडेच बघत होते म्हटलं तरी चालेल. एक नाही, अकरा निघाले. मग आठवलं. मागच्या वर्षी पिनकोड चुकीचा छापून आला होता, शंभरेक पाऊच वाया गेले, मी ते एका गोणीत भरून मागे गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकले होते, नंतर टाकते म्हणून. गोण फाटली असणार. तांडेल मामा तिथे नव्हते ते एक बरं, पण संध्याकाळपर्यंत त्यांना कळलंच, आणि दुसऱ्या दिवशी मासे द्यायला आलेल्या सुनेकडून निरोप आला, "वैनीला सांग, पत्ता बरोबर छापलाय."

तर आता घरातलं. सगळ्यात आधी पाण्याच्या बाटल्या बंद केल्या. फिल्टर बसवला, प्रत्येक खोलीत तांब्याभांडं आणि मोठा स्टीलचा जार. पहिल्या सीझनला दर तिसरा पाहुणा विचारायचा, "सीलबंद मिळेल का?" आता मी त्यांना विहीर दाखवते, फिल्टर दाखवते, तरीही नको असेल तर तिठ्यावर दुकान आहे. तीन पाहुण्यांनी वाईट रिव्ह्यू दिले, एकाने लिहिलं "पाणीसुद्धा देत नाहीत." असो. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा बाटलीमागे एकदोन रुपये डिपॉझिट घ्यायचं आणि बाटली परत आणली की द्यायचे अशी तरतूद होती, चांगली होती की ती! आमच्या बाजारात तरी ते रुपये कुणी कुणाला परत दिलेले मी बघितले नाहीत. 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे, कानकोरणीच्या प्लास्टिकच्या काड्या बंद, आणि त्याच वर्षाच्या शेवटापासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद. पण गुरुवारच्या बाजारात जाऊन बघा, कोथिंबिरीची जुडीसुद्धा कांद्याच्या सालीसारख्या पिशवीत घालून देतात. मी डबा घेऊन जाते मासे आणायला, झाकणाचा, स्टीलचा. आधी मच्छीवाल्या हसायच्या, आता त्यातली एक मला दोन बांगडे वर घालते, पिशवीचे पैसे वाचले म्हणून.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, नुसती चीर द्यायची, तो तुकडा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. हे इतकं साधं आहे की लिहायलाही कसंतरी वाटतं. पण अख्खी पिशवी धुऊन वाळवून दिली तर भंगारवाला घेतो, तो त्रिकोण मात्र कुणीच घेत नाही, तो न्हाणीतून, मोरीतून, अंगणातून पऱ्यात जातोच जातो. सासूबाईंना हे पटायला दीड महिना लागला, हाताला सवय चाळीस वर्षांची. आता त्याच शेजारणींना शिकवतात.

आमसुलं काचेच्या बरणीत द्यायला लागले. बरणी परत आणली तर पंधरा रुपये परत, असं लिहिलं. पुण्यामुंबईचे पाहुणे पंधरा रुपयांसाठी बरणी घेऊन परत येतील असं मला का वाटलं होतं कुणास ठाऊक. पाच आल्या वर्षभरात. पण बरणी लोक घरात वापरतात, टाकत नाहीत, तेही चालेल. कुळथाच्या पिठाला मात्र अजून उपाय सापडला नाही, कागदात बांधलं तर आमच्या दमट हवेत आठ दिवसांत जाळी धरते. ते अजून पाऊचमध्येच जातंय. पिनकोड बरोबर आहे आता.

पण खरी अडचण ह्याच्या पुढेच आहे आणि ती फारसं कुणी बोलत नाही. गोळा केलेलं न्यायचं कुठे? भंगारवाला बाटल्या घेतो, कॅन घेतो, दुधाच्या पिशव्या घेतो. पाकिटं, पुड्या, चकचकीत आतून चंदेरी असतं ते, त्याला हातही लावत नाही, कारण त्यात तीनचार थर एकमेकांना चिकटवलेले, ते वेगळे करून वितळवणं परवडत नाही. 2017 साली शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की तोवर जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला फक्त 9 टक्के पुन्हा वापरात आला. हा आकडा वाचला तेव्हा मला खोटा वाटला होता, माझ्या अंगणातले ढीग बघितल्यावर नाही वाटत. मग लोक काय करतात, तर बंबात घालतात. आंघोळीचं पाणी तापवायला चूल नाहीतर बंब, पावसात लाकडं ओली, पेटत नाहीत, मग एक पिशवी घातली की भडकन पेटतं. आमच्याकडेही होत होतं. तो काळा धूर, तो वास, आणि त्याच्यावर तापलेल्या पाण्याने आम्ही तान्ह्या पोरांना न्हाऊ घातलंय. आता आम्ही सोडणं आणि करवंट्या पडवीत वेगळ्या कोरड्या ठेवतो पेटवायला, काही फार अवघड नव्हतं.

तालुक्याला प्लास्टिकवर काम करणारं एक युनिट असावं अशी योजना आहे स्वच्छ भारतमध्ये. आम्ही सहा गोण्या भरून ठेवल्या होत्या चकचकीत पाकिटांच्या, कोरड्या, स्वच्छ. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा गाडी आली, आणि गाडीवाल्याने आमच्यादेखत त्या गोण्या ओल्या कचऱ्यावर फेकल्या. मी ओरडले. तो म्हणाला, "ताई, पुढे सगळं एकच होतं." आता ह्यावर काय बोलणार. ह्या वर्षी आम्ही स्वतः टेम्पो करून पोचवायचं ठरवलंय, पावती घेऊन.

केरळात 2017 पासून कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरात मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात टाकत नाहीत, पिशवीत भरून बंदरावर आणतात, तिथे त्याचा भुगा करून डांबरी रस्त्यात घालायची सोय केली. हे डांबरात प्लास्टिक मिसळायचं तंत्र मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन सरांचं, त्यांना 2018 ला पद्मश्री मिळाली. मी मामांच्या मुलाला विचारलं, आपल्याकडे का नाही? तो म्हणाला जाळ्यात रोज येतंच की वैनी, आणू आम्ही, पण बंदरावर ठेवायचं कुठे, आणि चार दिवसांनी तो ढीग बघून लोक आम्हालाच शिव्या घालणार. बरोबर आहे त्याचं. लोकांना सांगायच्या आधी ठेवायची जागा पाहिजे.

आणि नुसतं किनारा साफ करण्याबद्दल मला आता वेगळंच वाटायला लागलंय. वाईट नाही ते, वर्सोव्याला अफरोज शाह यांनी 2015 ला सुरू केलं, शनिवार रविवार करत करत किती कचरा काढला, 2018 मध्ये तिथे कासवाची पिल्लं निघाली, कौतुकच आहे. पण तेही पुढे मिठी नदीकडे वळले ना. नळ चालू ठेवून लादी पुसण्यासारखं आहे ते, पुसणारा दमतो. आमच्याकडे दरवर्षी कुठलंतरी कॉलेज येतं, टीशर्ट घालून, दोन तास वेचतात, फोटो, आणि शेवटी नाश्ता. नाश्त्याच्या प्लेटा कसल्या होत्या ते विचारू नका.

कासवांचं निघालंच म्हणून सांगते. आमच्या किनाऱ्याला ऑलिव्ह रिडले येतात अंडी घालायला, वेळासचं नाव झालं पण गुहागरलाही भरपूर घरटी सापडतात आता. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, एकीचं नाव बागेश्री ठेवलं होतं, ती खाली खाली जात केरळ, श्रीलंका करत पार बंगालच्या उपसागरात पोचली. आम्ही रोज तिचा नकाशा बघायचो, माहेरवाशिणीचा फोन यावा तसं. आता विचार करा, तिच्या त्या वाटेवर 2025 च्या मेमध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा 3 जहाज बुडालं आणि साबुदाण्याएवढे पांढरे प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्याला पोत्यापोत्याने लागले. त्यापुढे आमच्या अकरा पाऊचचं काय, असं हे म्हणाले. मी म्हटलं जहाज काही माझ्या हातात नाही, गायरी आहे.

मागच्या श्रावणात एक मादी वाहून आली होती पुळणीवर, पुढच्या उजव्या वल्ह्यासारख्या पायाला हिरव्या जाळ्याचा पीळ बसलेला, इतका घट्ट की आत हाड दिसत होतं. जिवंत होती. मान वर करून बघायची आणि परत वाळूत टेकवायची. वनखात्याला फोन केला, 1926 वर, माणसं आली आणि घेऊन गेली. जाळं कुठलं होतं सांगता येत नाही, हिरवी जाळी सगळीकडेच असतात. आमचं जे खाडीत गेलं ते निळं होतं. मी पहिल्यांदा तेच बघितलं होतं, रंग.

आज हे लिहायला बसले कारण दुपारी पाऊस थांबला होता. परवा अमावास्या आहे, दिव्यांची, आणि आपल्याकडे बाकीच्यांची गटारी. म्हणजे थर्माकोलच्या ताटल्या कायद्याने बंद असल्या तरी पऱ्यात येणार, आणि वर अमावास्येचं उधाण, खाडीचं पाणी साकवापर्यंत उलटं चढणार. उधाणात माळ सोडून ठेवायची की बांधून ठेवायची यावर काल मीटिंग झाली आणि भांडणंही झाली. मामांचं म्हणणं, भरतीला सोडा, ओहोटी लागली की बांधा, मधल्या सहा तासात झोपा. पाळी माझी आणि ह्यांची आहे. ओहोटी मध्यरात्रीच्या सुमारास लागतेय.

टॉर्चचे सेल आणायचे राहिलेत.